सामायिक प्लॅटफॉर्म, छोट्या इलेक्ट्रिक मोटारींचा

एकाच तांत्रिक पायावर वेगवेगळ्या नावांच्या, रूपांच्या आणि पुष्कळदा वेगवेगळ्या कंपन्यांच्या छोट्या इलेक्ट्रिक मोटारी तयार करण्याची पद्धत. गाडीचा तळ, बॅटरी पॅक आणि तो बसवण्याची चौकट, मोटर व इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशा रूपात बदलणारे यंत्र), सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक, थंड-गरम राखणारी यंत्रणा आणि अलीकडे वायरिंग व संगणक हे सारे या पायात येते. बाहेरचे पत्रे, दिवे, आसने, डॅशबोर्ड ज्याचे त्याचे.

प्लॅटफॉर्म म्हटले की चार चाकांवरचा एक सपाट सांगाडा डोळ्यांपुढे येतो. वाहनप्रदर्शनांत तसे मॉडेल मांडलेलेही असते. प्रत्यक्षात अभियंत्यांच्या दृष्टीने प्लॅटफॉर्म हा ठरलेल्या बिंदूंचा आणि मापांचा करार असतो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून चालकाच्या पेडलपर्यंतचे अंतर किती, बसलेल्या माणसाची कंबर जमिनीपासून किती उंचीवर, सस्पेन्शनचे बोल्ट कुठे, बॅटरीची पेटी तळाला कोणत्या जागी आवळायची, जुळणीच्या वेळी रोबो गाडीला कुठे पकडणार, हे एकदा ठरले की ते सहसा हलवत नाहीत. व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, मागचा भाग, छताची उंची यांत मात्र फरक करता येतो. रेनॉ ५ आणि रेनॉ ४ या दोन इलेक्ट्रिक गाड्या एकाच पायावरच्या आहेत, तरी दुसरीचा व्हीलबेस सुमारे ८ सेंमी. जास्त आहे, हा फरक मागच्या आसनावर बसणाऱ्याच्या गुडघ्यांना लगेच जाणवतो.

छोट्या गाडीतच गरज जास्त का

मोठ्या गाडीच्या किमतीत बॅटरीचा खर्च काही प्रमाणात पचून जातो. छोट्या गाडीत तसे होत नाही. गाडी निम्म्या लांबीची केली म्हणून इन्व्हर्टर, चार्जर, एअरबॅगा किंवा ब्रेकचे संगणक निम्म्या किमतीत मिळत नाहीत. अपघात-चाचण्या आणि विकासाचा खर्चही गाडीच्या आकारानुसार घटत नाही. उलट गाडीमागे सुटणारा नफा तुटपुंजा. त्यामुळे हा खर्च लाखो गाड्यांवर पसरला तरच हिशेब जमतो, आणि एका नावाखाली तेवढ्या गाड्या खपतीलच असे नाही. होंडा ई ही २०२० साली बाजारात आलेली देखणी गाडी तिच्यापुरत्याच बनवलेल्या पायावर उभी होती. ३५.५ किलोवॅट-तासांची (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे हे माप) बॅटरी, मागच्या चाकांना चालना, अतिशय कमी जागेत वळण्याची क्षमता, असे सगळे होते. पण तो पाया वाटून घेणारी दुसरी गाडी नव्हती, आणि काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. बीएमडब्ल्यू आय-३ ची गोष्ट थोडी वेगळी. कार्बन-तंतूंच्या सांगाड्याची ही गाडी २०१३ ते २०२२ या काळात सुमारे अडीच लाख तयार झाली, तरीही तिचा पाया पुढे कोणत्याही गाडीने उचलला नाही.

दुसरी अडचण उंचीची. पेटीसकट बॅटरी पॅकची जाडी साधारण १२ ते १५ सेंमी. भरते. लांब गाडीत ही जाडी झाकता येते. चार मीटरच्या आतल्या गाडीत तळ तेवढा वर आला की माणसाचे गुडघे वर येतात किंवा छप्पर वर न्यावे लागते. छप्पर वर गेले की हवेचा विरोध वाढतो आणि तेवढ्याच अंतरासाठी आणखी बॅटरी लागते. म्हणून छोट्या गाडीच्या प्लॅटफॉर्मचा बहुतेक इतिहास ‘बॅटरी कुठे ठेवायची’ या एका प्रश्नाभोवती फिरतो.

बॅटरीच्या जागेचा इतिहास

मित्सुबिशीने २००९ साली आणलेल्या आय-मीव्ह या गाडीला एक आयता फायदा मिळाला. तिचा मूळ पाया ‘आय’ या २००६ सालच्या पेट्रोल गाडीचा. त्या गाडीचे इंजिन मागच्या चाकांजवळ होते, त्यामुळे व्हीलबेस लांब आणि मधला तळ मोकळा. तिथे १६ किलोवॅट-तासांची बॅटरी बसली. हीच गाडी पुढे पूझो आयऑन आणि सित्रोएन सी-झीरो या नावांनी युरोपात विकली गेली. पुढचा बंपर आणि बोधचिन्ह सोडले तर तिघींत फारसा फरक नव्हता. सामायिकतेची ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उथळ पायरी.

फोक्सवॅगन समूहाने ‘अप’ या २०११ सालच्या छोट्या गाडीचा पाया पेट्रोल आणि वीज दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून आखला होता. ई-अप २०१३ साली १८.७ किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन आली. २०१९ मध्ये त्याच पायावर वापरता येण्याजोगी क्षमता ३२.३ किलोवॅट-तासांवर गेली, आणि स्कोडा सिटिगो व सिआत मी यांच्या विजेवरच्या आवृत्त्याही निघाल्या. गाडीचा आकार तोच. सुधारले ते सेल, म्हणजे बॅटरीचे मूळ घटक. पाया आखताना बॅटरीसाठी नीट चौकोनी जागा राखली असेल, तर पुढची सुधारणा रसायनशास्त्रज्ञ करून देतात, हे या गाडीने दाखवले.

पूझो आणि सित्रोएन यांच्या पीएसए समूहाने सीएमपी या पायावर वेगळा मार्ग काढला. २०१९ च्या पूझो ई-२०८ मध्ये ५० किलोवॅट-तासांची बॅटरी इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकारात आहे: एक पट्टा पुढच्या आसनांखाली, एक मागच्या आसनाखाली आणि दोघांना जोडणारा मधल्या बोगद्यात, जिथून पेट्रोल गाडीत धुराची नळी जाते. पाय ठेवायची जागा त्यामुळे वाचली. एकाच जुळणीमार्गावर पेट्रोल, डिझेल आणि वीज अशा तिन्ही गाड्या मागणीप्रमाणे काढता येतात, हा कारखान्याचा मोठा फायदा. तोटा असा की अशा तडजोडीच्या आकारात बॅटरी वाढवायला जागा उरत नाही. टीकाकार अशा पायाला अर्धवट म्हणतात. विक्रीचा अंदाज डळमळीत असताना मात्र हा सर्वांत शहाणा पर्याय होता, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते.

पूर्णपणे विजेसाठी आखलेल्या पायांत फोक्सवॅगनचा एमईबी सर्वाधिक चर्चेत राहिला. त्यावरची पहिली गाडी आयडी.३ हिचे उत्पादन नोव्हेंबर २०१९ मध्ये त्स्विकाऊ येथे सुरू झाले. या पायावर मोटर मागे असते. मोठ्या गाड्यांना हे मानवते. छोट्या गाडीत मात्र मागची मोटर सामानाची जागा खाते. म्हणून मार्च २०२३ मध्ये दाखवलेल्या आयडी.२ऑल या नमुन्यात कंपनीने मोटर पुन्हा पुढे आणली. लांबी ४.०५ मीटर, व्हीलबेस २.६ मीटर आणि डिकी ४९० लिटरची. एवढी डिकी पुष्कळ मोठ्या गाड्यांतही मिळत नाही. याच कुटुंबात कुप्रा रावल आणि स्कोडा एपिक या गाड्या आखल्या गेल्या, आणि उत्पादनासाठी स्पेनमधले मार्तोरेल व पाम्पलोना हे कारखाने ठरले.

बॅटरीच्या आत काय चालते, तेही पाहण्यासारखे आहे. रेनॉ झोईच्या शेवटच्या पिढीत ५२ किलोवॅट-तासांसाठी १२ लहान मोड्यूल, म्हणजे सेलचे गठ्ठे, होते. रेनॉ ५ मध्ये तेवढ्याच क्षमतेसाठी ४ मोठे मोड्यूल पुरतात, आणि ४० किलोवॅट-तासांच्या आवृत्तीत ३. मधल्या भिंती, जोडण्या आणि तारा कमी झाल्या की त्याच पेटीत सेलना जास्त जागा मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवलेल्या नव्या ट्विंगोत याच पायावर २७.५ किलोवॅट-तासांची एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट रसायनाची बॅटरी आहे. हे रसायन वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवते, पण स्वस्त पडते. काटकसर तिथेच थांबली नाही. रेनॉ ५ ची मागची मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांनी धरणारी) सस्पेन्शन काढून ट्विंगोला रेनॉच्याच कॅप्चर गाडीची साधी टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, जोडली आहे. पाया तोच; त्यावरचा महागडा भाग उतरवून कंपनीच्या गोदामातला स्वस्त भाग चढवला. हा बदल सहज करता येणे, याच्यावर छोट्या गाडीच्या प्लॅटफॉर्मची खरी परीक्षा होते.

चीनमध्ये सुरुवातच खालच्या टोकापासून झाली. वूलिंगची होंगग्वांग मिनी ईव्ही (२०२०) तीन मीटरपेक्षाही आखूड, सुरुवातीच्या आवृत्तीत ९.३ किंवा १३.९ किलोवॅट-तासांची बॅटरी. जलद चार्जिंगची सोय मुळातच वगळलेली होती, कारण एवढी बॅटरी घरच्या विजेवर रात्रीत भरते. जीएसईव्ही या तिच्याच कुळातून इंडोनेशियात एअर ईव्ही (२०२२) आणि भारतात एमजी कॉमेट (२०२३) आली. बीवायडीने उलट वरून खाली येणे पसंत केले. तिच्या ई-प्लॅटफॉर्म ३.० वर डॉल्फिनचा व्हीलबेस २.७ मीटर, तर सीगलचा २.५ मीटर आहे.

भारतात टाटा मोटर्सने टिगोर आणि टियागो या पेट्रोल गाड्यांच्या पायांत बदल करून विजेच्या आवृत्त्या काढल्या. जानेवारी २०२४ ची पंच ईव्ही मात्र अॅक्टि.ईव्ही या निव्वळ विजेसाठीच्या पायावर आहे. बॅटरी तळाशी गेल्यामुळे बॉनेटखाली १४ लिटरची छोटीशी डिकी मिळाली. जागा नाममात्र असली, तरी आत काय बदलले याची ती खूण आहे.

कंपन्यांमधली वाटणी

एकाच समूहातल्या नावांनी पाया वाटून घेणे तुलनेने सोपे असते, कारण शेवटी खर्च एकाच खिशातून जातो. प्रतिस्पर्ध्यांमध्ये ते अवघड. चाचणीचा खर्च कोणाचा, पुरवठादार कोण निवडणार, गाडी परत बोलावण्याची वेळ आली तर भुर्दंड कोणावर, असे प्रश्न आराखड्याआधी सोडवावे लागतात. स्वस्त छोट्या गाडीसाठी फोक्सवॅगन आणि रेनॉ यांच्यात बोलणी झाली होती, पण मे २०२४ मध्ये ती फिसकटली. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र फोर्ड आणि रेनॉ यांचे जमले: रेनॉच्या पायावर फोर्डच्या दोन छोट्या इलेक्ट्रिक गाड्या, उत्पादन उत्तर फ्रान्समध्ये, पहिली २०२८ च्या सुरुवातीस. फोर्डने यापूर्वी मोठ्या गाड्यांसाठी फोक्सवॅगनचा एमईबीही घेतलेला आहे. म्हणजे एखाद्या जुन्या, नावाजलेल्या कंपनीने दोन प्रतिस्पर्ध्यांकडून दोन पाया विकत घेणे आता कमीपणाचे राहिलेले नाही.

सर्वांत सुरळीत वाटणी दिसते ती गाडीचे माप कायद्यानेच ठरवून दिलेल्या वर्गांत. जपानमधल्या केई वर्गाच्या गाडीला ३.४ मीटर लांबी आणि १.४८ मीटर रुंदी ओलांडता येत नाही. निस्सान आणि मित्सुबिशी यांच्या एनएमकेव्ही या संयुक्त कंपनीने याच चौकटीत साकुरा आणि ईके क्रॉस ईव्ही (२०२२) या जुळ्या गाड्या विकसित केल्या. बॅटरी २० किलोवॅट-तास, मोटर ४७ किलोवॅट, आणि पाया पेट्रोल केई गाड्यांशी जवळचा. सेल सगळीकडे सारख्या उंचीवर न रचता आसनांखाली उंच आणि पायांखाली बुटके रचले आहेत. आकारावर वाद घालायला जागाच नसल्याने दोन्ही कंपन्यांचे लक्ष खर्चावर राहिले.

युरोपातल्या हलक्या चारचाकी वर्गात सित्रोएन अमी (२०२०) हिने वाटणी गाडीच्या आतपर्यंत नेली. तिची डावी आणि उजवी दारे हुबेहूब एकच आहेत. एकाच साच्यातले दार दोन्ही बाजूंना लावल्यामुळे चालकाचे दार मागच्या बिजागरीवर उघडते आणि शेजाऱ्याचे पुढच्या. प्रथम पाहणारा गोंधळतो, पण साच्यांचा एक संच वाचतो. ओपेल रॉक्स आणि फियाट टोपोलिनो तिच्याच बहिणी. तिन्ही मोरोक्कोतल्या केनित्रा येथे तयार होतात.

आणखी एक वाट फॉक्सकॉन या इतरांसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या तैवानी कंपनीने २०२० साली सुरू केलेल्या एमआयएच या मंचाची. पाया आम्ही आखू, त्यावर कोणीही आपली गाडी चढवावी, असा तिचा प्रस्ताव होता. २०२३ मध्ये टोकियोत तीन आसनी छोटा नमुना दाखवण्यातही आला. संगणक-उद्योगात रुळलेली ही पद्धत मोटारीला तितकीशी मानवत नाही, कारण अपघाताची जबाबदारी गाडीवर नाव असणाऱ्यावरच येते आणि तो आपला पाया अनोळखी हातांत सोपवायला कचरतो.

मर्यादा

पाया जितका जास्त वाटला जातो तितका एका सदोष भागाचा फटकाही पसरतो. शिवाय स्वस्तासाठी आखलेला पाया पुढे कठोर नियमांना तोंड देऊ शकतोच असे नाही. डाचिया स्प्रिंग ही २०२१ सालची गाडी रेनॉच्या क्विडशी नाते सांगते. क्विडचा सीएमएफ-ए हा पाया मुळात चेन्नईत स्वस्त पेट्रोल गाडीसाठी घडला. त्यावरची विजेची आवृत्ती चीनमध्ये बनून युरोपात गेली, आणि युरो एनकॅप या गाड्यांची अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत तिला एकच तारा मिळाला. पुढे फ्रान्सने अनुदान ठरवताना उत्पादनातला कार्बन मोजायला सुरुवात केली, तेव्हा चीनमध्ये बनल्यामुळे २०२४ पासून तिचे अनुदानही गेले. पाया स्वस्त ठेवण्याचे गणित असे कारखान्याबाहेरच्या नियमांनीही बिघडू शकते.

अलीकडे पायाचे आयुष्य पोलादापेक्षा संगणकांवर ठरू लागले आहे. वाहनांच्या सायबर सुरक्षेचे नवे नियम युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. फोक्सवॅगन अप आणि तिची विजेवरची आवृत्ती २०२३ मध्ये बंद होण्यामागे, जुन्या इलेक्ट्रॉनिक रचनेत हे नियम बसवण्याचा खर्च हे एक कारण होते. त्या गाडीचा पत्रा, सस्पेन्शन आणि बॅटरीची जागा यांत बिघडलेले काही नव्हते. त्यामुळे आता नवा प्लॅटफॉर्म आखताना अनेक सुट्या नियंत्रकांऐवजी मोजके शक्तिशाली संगणक आणि दुरून बदलता येणारे सॉफ्टवेअर यांचा विचार बॅटरीच्या पेटीइतकाच आधी केला जातो, आणि कंपन्यांमधल्या करारांत सॉफ्टवेअर कोणाचे राहील हे कलम बहुधा सर्वांत जास्त वेळ घेते.