गोठ्यातला दर्प आणि यकृतातलं रहाटगाडगं

गाईने नुकतंच मूत टाकलं असेल तर त्याला नाकात झोंबणारा दर्प नसतो. तेच काही तासांनी, शेण कालवलेल्या डबक्यावर जरा वाकून बघा, डोळ्यांना पाणी येतं. ‘मुतात अमोनिया असतो, म्हणून वास’ असं आपण सर्रास म्हणतो. पण ताज्या मुतात अमोनिया अगदी थोडा असतो. भरपूर असतो तो युरिया.

डाळ, अंडी, मासळीतली प्रथिनं पचली की अमिनो आम्लं मिळतात. गरजेपेक्षा जास्तीची शरीराला साठवता येत नाहीत. ती मोडताना त्यांतला नायट्रोजन अमोनिया होऊन सुटतो आणि अमोनिया मेंदूला विषारी. माशाचं बरं असतं, कल्ल्यांतून तो सरळ पाण्यात जातो. बेडकाचं पिल्लूही पाण्यात असेतो तेच करतं. जमिनीवरच्या आपल्याला एवढं पाणी कुठून मिळणार?

म्हणून अमोनियाचा युरिया करून तो मुतावाटे टाकावा लागतो. युरिया करायचं काम यकृत करतं, आणि कसं करतं ते मला अजूनही थक्क करतं. अमोनियातला नायट्रोजन आणि बायकार्बोनेटमधला कार्बन यांचा जोडलेला तुकडा ऑर्निथिन हे अमिनो आम्ल उचलतं आणि त्याचं सिट्रुलिन होतं. (हे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून आलं.) सिट्रुलिनला दुसरा नायट्रोजन अ‍ॅस्पार्टेटकडून मिळतो, त्याचं आर्जिनिन होतं. मग आर्जिनेज हे विकर पाण्याचा एक रेणू वापरून टोकाचा भाग तोडतं. तुटतो तो युरिया, उरतं ते पुन्हा ऑर्निथिन! विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखं: पोहरा रिकामा होतो आणि परत भरायला खाली जातो. 1932 मध्ये जर्मनीत हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांना उंदराच्या यकृताच्या पातळ कापांत हेच दिसलं. थोडंसंच ऑर्निथिन घातलं तरी युरिया झपाट्याने वाढला, ऑर्निथिन मात्र संपेना. हे फुकट होत नाही. युरियाच्या दर रेणूमागे एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे) चार ऊर्जाबंध खर्ची पडतात.

शिवांबूने शरीर शुद्ध होतं म्हणणाऱ्यांनी हा खर्च ध्यानात घ्यावा. बाहेर टाकलेला युरिया परत पोटात गेला की आतड्यातले जिवाणू त्यातल्या काहीचा पुन्हा अमोनिया करतात, आणि यकृताला तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

गोठ्यातही जिवाणूच. शेणातल्या जिवाणूंकडे युरिएज हे निकेलयुक्त विकर असतं, ते युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं. म्हणून गोठ्याच्या जमिनीला नीट उतार असेल आणि मूत शेणात मिसळण्याआधीच नालीतून वाहून गेलं, तर दर्प बराच कमी होतो.