मंद दीर्घिका इतकी वर्षे होत्या कुठे?

१९७० साली ऑस्ट्रेलियातले खगोलशास्त्रज्ञ केन फ्रीमन यांनी ३६ तबकडीवजा दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, मापे तपासली. त्यांतल्या २८ तबकड्यांची मध्याजवळची पृष्ठदीप्ती, म्हणजे आकाशाच्या ठरावीक तुकड्यातून येणारा उजेड, जवळजवळ सारखीच निघाली : निळ्या प्रकाशात दर चौरस विकलेमागे (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) २१.६५ प्रत. प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड फिका. निसर्गाने सगळ्या एकाच साच्यातून काढल्या की काय?

१९७६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ माइक डिस्नी यांनी या साच्यावरच शंका घेतली. रात्रीचे आकाश पूर्ण काळे कधीच नसते. अगदी निबिड अंधारातही त्याची स्वतःची दीप्ती २२-२३ प्रतीच्या घरात असते. त्याहून फिकी तबकडी त्या उजेडात बुडणारच. चाळणीवर जे उरले तेच आपण मोजत होतो. मला हा युक्तिवाद या साऱ्या विषयाचा कणा वाटतो.

पुरावा आला तो डार्करूममधून. तेव्हा आकाशाची छायाचित्रे काचपट्टीवर घेत. तिच्यावरच्या रसायनाच्या थरात मंद प्रकाशाच्या खुणा अगदी वरच्या अंगाला उमटतात. आकाशाची छायाचित्रे घेणारे डेव्हिड मालिन पसरट उजेड वापरून, जास्त कॉन्ट्रास्टच्या फिल्मवर नेमका तेवढाच थर उतरवून घेत. कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या समूहाच्या पट्ट्यांवर अशा रीतीने शोध घेताना १९८६ मध्ये एका ठिपक्याभोवती पुसट डाग दिसला. तो समूहातला नव्हताच. त्याच्या कितीतरी मागे, शंभर कोटी प्रकाशवर्षांपलीकडे होता. ही मालिन-१. तिची तबकडी पाच लाख प्रकाशवर्षांहून रुंद. आपली आकाशगंगा साधारण एक लाख. २००७ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या चित्रांतून कळले, की तिचा मधला भाग मात्र चारचौघींसारखा, साधा दंडयुक्त सर्पिल (मध्ये ताऱ्यांचा दांडा, त्याभोवती वळणारे बाहू) आहे.

अशा मंद दीर्घिका म्हणजे विझत आलेले म्हातारे तारे, असा आधी समज होता. नव्वदच्या दशकात तो मोडला. त्यांच्या तबकड्या निळसर निघाल्या, जड मूलद्रव्ये कमी, हायड्रोजन मात्र भरपूर. वायू इतका विरळ पसरलेला की तारे जन्मतात ते सावकाश, तुरळक जागी. फिरण्याचा वेगही ताऱ्यांच्या वजनाने समजत नाही; जवळपास केंद्रापासूनच कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाने जाणवणाऱ्या द्रव्याचा, हात दिसतो.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने अशा महाकाय मंद दीर्घिकांतला हायड्रोजन टिपला आहे. एवढी पातळ तबकडी शेजारच्या दीर्घिकांच्या ओढीत न विस्कटता वाढली कशी, यावर अजून वाद चालू आहे.