लोखंड ‘कचऱ्यात’ कसे गेले?

मेटल डिटेक्टरच्या पडद्यावर उमटणारा आकडा धातूचे नाव सांगत नाही. जमिनीतल्या वस्तूत निर्माण झालेला प्रवाह किती उशिराने प्रतिसाद देतो एवढेच तो मोजतो, आणि हा उशीर धातूच्या विद्युतवाहकतेइतकाच वस्तूच्या आकारावर व जाडीवरही अवलंबून असतो. म्हणून चांदीचा मोठा रुपया मापाच्या वरच्या टोकाला जातो, तर सोन्याची नाजूक अंगठी खाली उतरून औषधाच्या गोळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीशेजारी जाऊन बसते. त्या मापावर कुठपर्यंतचे टाकाऊ मानायचे आणि कुठून पुढचे मौल्यवान, याच्या खुणा यंत्र बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेल्या असतात. ज्या जमिनीकडे पाहून त्या केल्या गेल्या ती नागपूरची नव्हे.

सुरुवातीच्या यंत्रांपुढे निवडीचा प्रश्न आला तोच अपयश घेऊन. १८८१ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शरीरातील गोळी शोधताना टेलिफोनच्या संशोधकाने वापरलेले उपकरण गादीतील पोलादी तारांमुळे गोंधळले, असे सांगितले जाते. गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धातील सुरुंगशोधक यंत्रांना निवड करायचीच नव्हती, कारण तिथे प्रत्येक आवाज जीवघेणा धरावा लागे. युद्धानंतर शिल्लक यंत्रे बाजारात आली, हा शोध छंद झाला, आणि १९७० च्या दशकात लोखंडाचा आवाज गाळणारे सर्किट छंदी लोकांच्या यंत्रांत बसवले गेले. त्याला ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात. ते घडले अमेरिकेतल्या बागांसाठी आणि समुद्रकिनाऱ्यांसाठी, जिथे वैताग होता खिळ्यांचा आणि पेयाच्या कॅनवरून ओढून फेकलेल्या कड्यांचा, आणि आशा होती तिथल्या चांदीच्या नाण्यांची.

इथे शब्दाचा एक गुंता आहे आणि तो नुसता भाषांतराचा नाही. नको असलेल्या वस्तूंना इंग्रजीत ‘ट्रॅश’ हा एकच सरसकट शब्द आहे. मराठीत आपण त्याचा ‘कचरा’ केला. पण आपल्याकडे गंजलेल्या लोखंडाला कचरा म्हणण्याची रीत नाही, ते भंगार असते, आणि भंगारवाला ते किलोने तोलून पैसे देऊन नेतो. कचऱ्याला भाव नसतो, भंगाराला असतो. यंत्राच्या कोष्टकात मात्र हा भेद पुसला जाऊन लोखंड, पोलाद आणि त्यांच्या जवळपासचे सारे एकाच खालच्या कप्प्यात पडले, आणि ‘लोखंड बंद’ ही मांडणी कारखान्यातूनच चालू होऊन येऊ लागली. सोयीसाठी केलेली ही गोष्ट पुढे सवय झाली; लोखंड ऐकणारा तो नवशिका, असेही मानले जाऊ लागले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा संपूर्ण इतिहासातला सर्वांत कमी तपासला गेलेला निर्णय आहे.

त्याचे पहिले नुकसान आपल्या नाण्यांवर दिसते. एका लाकडी स्टुलावर (खिळे नसलेल्या, ही अट महत्त्वाची) चार नाणी मांडून त्यांवरून कॉइल (यंत्राच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची तबकडी) फिरवली, तर गोष्ट उघड होते. १९३९ पर्यंतच्या चलनी रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी आहे. तो टणक, उंच स्वर देतो. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९५७ चा एक नया पैसा कांशाचा आहे आणि आकाराने लहान असूनही स्वच्छ बोलतो. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरचे अ‍ॅल्युमिनियमचे पैसे देशी दारूच्या बाटलीच्या झाकणाशी गल्लत करतात. दोन्ही त्याच धातूचे, त्याला इलाज नाही. आणि १९९२ नंतरचा पोलादी रुपया? तो चुंबकाला चिकटतो, त्यामुळे ‘लोखंड बंद’ ठेवलेल्या यंत्राला तो बऱ्याचदा दिसतच नाही, आणि लोखंड चालू केले तर खिळ्यासारखा घरघरतो. परदेशी कोष्टकावरून शिकलेला माणूस आपल्या खिशातून पडलेले नाणे शोधायला निघाला तर ते त्याला सापडेलच असे नाही. खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) प्लास्टिकची पन्नी तेवढी यंत्राला ऐकू येत नाही, हा या शहरापुरता दिलासा.

दुसरे नुकसान जुने आणि मोठे आहे. नागपूरभोवतीची महापाषाणीय, म्हणजे दफनांभोवती मोठे दगड रचणारी, संस्कृती ही लोहयुगाची आहे. काटोल मार्गावरील जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे असून तेथे एकोणिसाव्या शतकापासून झालेल्या उत्खननांत खंजीर, सपाट कुऱ्हाडी, लांब पात्याच्या छिन्न्या, घोड्याच्या तोंडातील लगामाच्या कड्या अशा लोखंडी वस्तू निघाल्या. नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. या भूमीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे नेमका तोच धातू, जो यंत्राने आधीच गप्प करून ठेवला आहे. त्यातही अडीच हजार वर्षांत पूर्ण गंजलेले लोखंड धातू म्हणून फारसे उरत नाही आणि त्याचा प्रतिसाद क्षीण होतो. उलट कडीसारखी वाटोळी किंवा मोठी सपाट लोखंडी वस्तू कधीकधी चांदीच्या जागी जाऊन आकड्याला फसवते. पश्चिमेकडील काळी जमीन बेसाल्टपासून झालेली असल्याने तिच्यातील चुंबकीय कणही आपला आवाज मिसळतात.

चांदी-तांब्याच्या बाबतीत यंत्राचा उंच स्वर खरा ठरतो, हे मान्य करावे लागेल. १८७० साली आजच्या बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ तुकडे मिळाले, आणि त्यांतील काही पुढे नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या वस्तुसंग्रहालयात, आले. हा ठेवा कोणत्याही यंत्राने सहज ओळखला असता. पण तो गुरे राखणाऱ्या पोरांच्या हाती लागला, तेव्हा यंत्र नव्हतेच.

कायद्याने ही वर्गवारी कधीच केली नाही. १८७८ चा निखात निधी अधिनियम जमिनीत दडलेल्या, कोणतेही मूल्य असलेल्या वस्तूला निधी म्हणतो आणि दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घालतो. त्यात सोने आणि लोखंड असा भेद नाही. १९७२ चा पुरावशेष कायदाही सर्वसाधारणपणे शंभर वर्षांचे वय पाहतो, धातू पाहत नाही. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे, मग पडद्यावरचा आकडा ९० असो वा १२. ‘गुप्तधन’ या शब्दामुळे मात्र लोकांच्या मनात फक्त हंडा आणि मोहरा राहिल्या, आणि विदर्भात त्यापायी झालेल्या फसवणुकींनी यंत्राची बदनामी केली ती वेगळीच.

याविरुद्धचा मार्ग १९८४ साली अमेरिकेतल्या एका युद्धभूमीवर दिसला. तिथे गवताला आग लागून गेल्यावर छंदी शोधकांनी यंत्रे फिरवली, आवाज आलेल्या प्रत्येक जागी झेंडी रोवली आणि काडतुसांच्या व गोळ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या. नंतर त्या नकाशावरूनच सैनिक कुठून कुठे सरकले हे वाचता आले. गोळीला किंमत नव्हती, तिच्या जागेला होती. सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांचे सैन्य आणि कंपनीची फौज यांच्यात लढाई झाली. त्या काळच्या बंदुकीची शिशाची गोळी पडद्यावर मधल्या पट्ट्यात येते, म्हणजे जवळजवळ बाटलीच्या झाकणांच्या रांगेत, आणि झाकणांचा त्रास नको म्हणून पट्टा बंद करणारा माणूस तिच्यावरूनही तसाच चालत जातो.