डोंग्याचं तेल वेगळं, जहाजाचा रंग वेगळा

जहाजांच्या तळाला लावायचे विषारी रंग आता जाणार आणि त्यांच्या जागी कडुनिंब, करंज, मोह यांची तेलं येणार, असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. भंडारा-गोंदियाकडच्या बचत गटांना तो वाचून हुरूप येणं साहजिक आहे. करंजीच्या बिया बांधावर पडून असतात, मोहाच्या पोत्यांनी जमा होतात, आणि लाकडी डोंग्याला, म्हणजे छोट्या होडीला, तेल चोपडणं आपल्याकडे काही नवलाचं नाही. मग हेच तेल जहाजाला का नाही?

कारण डोंग्याचं तेल जे काम करतं, ते जहाजाच्या रंगाचं कामच नाही.

लाकूड पाणी पितं, काठावर ओढलं की वाळतं, पुन्हा पितं. या ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात ते तडकतं, फटीत बुरशी शिरते, उन्हाळाभर झाडाखाली पडून राहिलं तर वाळवी लागते. तेल लाकडात मुरतं आणि पाण्याची वाट अडवतं. करंजीचं तेल कडू, त्यामुळे किडीलाही नकोसं. थोडक्यात, तेलाचं काम लाकडाच्या आत चालतं, कुजणं लांबवायचं. बाहेरून काय चिकटतंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, चिकटतं तरी काय? शेवाळ आणि बुळबुळीत गाळ. डोंगा पालथा घालून उन्हात टाकला की तो थर सुकून पापुद्रे धरतो, आणि नारळाच्या काथ्यानं घासला की निघतो.

समुद्रात गोष्ट वेगळी. पोलादी तळ पाण्यात उतरला की काही वेळातच त्यावर सेंद्रिय द्रव्याचा पातळ थर बसतो, मग जिवाणू येतात, मग शेवाळाचे बीजाणू, आणि मग बार्नेकल. हा खेकडा-झिंग्याच्या गोतातला प्राणी. त्याचं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. ते तळावर उतरतं आणि डोक्याकडच्या दोन स्पर्शिकांवर अक्षरशः चालतं. इथे टेकून बघ, तिथे टेकून बघ. जागा पसंत पडली की डोकं खाली करून सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडतं आणि जन्मभरासाठी तिथेच बसतं. वरून चुनखडीचं घर बांधतं. असं खडबडीत झालेलं जहाज ओढायला कितीतरी जास्त इंधन लागतं. आपल्या तलावांत हा प्राणी नाही. म्हणून ‘आमचा डोंगा तेलानं स्वच्छ राहतो’ हा अनुभव खरा असला, तरी समुद्राच्या परीक्षेत त्याला गुण मिळत नाहीत.

जहाजाचा रंग त्या पिल्लाला बसूच देत नाही. 1960 च्या दशकापासून त्यासाठी ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं संयुग वापरात आलं. 1970 च्या दशकात आलेल्या रंगाचा वरचा थर समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात हळूहळू झिजायचा आणि खालचं ताजं विष उघडं पडायचं. असा एक थर पाच वर्षांपर्यंत टिके. पण विष तळाशी थांबेना. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवांची शेती मोडकळीला आली, कवचं वेडीवाकडी जाड झाली. एका समुद्री गोगलगाईच्या माद्यांना नराचं लिंग फुटू लागलं आणि अंडी बाहेर पडायची वाट बंद झाली. तेही लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅमच्या आसपास कथिल असताना. फ्रान्सनं 1982 मध्ये 25 मीटरपेक्षा लहान बोटींवर त्याला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला आणि 17 सप्टेंबर 2008 पासून लागू झाला. आज बहुतेक रंगांत तांब्याचा ऑक्साइड असतो. तोही निरुपद्रवी नाही, म्हणून झाडपाल्याचा शोध चालू आहे.

त्या शोधातही दोन प्रकार आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. काही पदार्थ बसू देत नाहीत, पण मारतही नाहीत. झोस्टेरा या समुद्री गवतातलं झोस्टेरिक आम्ल चिकटण्याच्या क्रियेतच खोडा घालतं. ऑस्ट्रेलियातल्या डेलिसिया या लाल शेवाळातली फ्युरॅनोन नावाची द्रव्यं जिवाणूंचं आपसातलं रासायनिक बोलणं बिघडवतात. मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सायसिनवरही प्रयोग झालेत. भिवापुरी मिरचीवाल्यांनी लगेच दर वाढवू नयेत. दुसरे पदार्थ चक्क मारतात, आणि झाडातून आले म्हणून ते सौम्य होत नाहीत.

याचा पुरावा आपल्याच तलावावर आहे. मत्स्यबीज सोडण्याआधी नको असलेले मासे काढायला मोहाची ढेप, म्हणजे बियांचं तेल काढून उरलेला चोथा, टाकतात. एक मीटर पाणी असलेल्या हेक्टरभर तलावाला साधारण 2,500 किलो, म्हणजे घनमीटरला पाव किलो. ढेपेतलं सॅपोनिन हे फेसाळ द्रव्य कल्ल्यांतून रक्तात जातं, तांबड्या पेशी फोडतं आणि मासे वर तरंगू लागतात. अस्सल वनस्पतीजन्य, अस्सल विष. युरोपात जीवनाशकांचा, म्हणजे नको असलेले जीव मारणाऱ्या किंवा रोखणाऱ्या पदार्थांचा, 2012 चा नियम आहे. त्यात जहाजाच्या अशा रंगांचा वेगळा, 21 वा गट आहे आणि ‘नैसर्गिक आहे’ म्हणून कुणाला सूट नाही. मला हे रास्त वाटतं.

पण ढेपेचं विष दोन-तीन आठवड्यांत उतरतं, उरलेली ढेप खत होते आणि बीज सोडता येतं. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, असं कपाशीवाल्यांना सांगतात तेही याचसाठी: उन्हात कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य लवकर विरतं. विष लवकर विरणं हीच तर झाडपाल्याची जमेची बाजू. जहाजाला मात्र पाच वर्षं न विरणारं हवं असतं. कथिलाचं संयुग टिकलं म्हणून रंग चालला, आणि टिकलं म्हणूनच खाडीतल्या कालवांची वाट लागली. कडुनिंब असो की मोह, खरी अडचण अर्क सापडण्याची नाही. तो रंगात कोंडून वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं सोडायचा कसा, ही आहे. अर्जेंटिनात क्वेब्राचो झाडाच्या टॅनिनवर, म्हणजे तुरट द्रव्यावर, बरंच काम झालं. टॅनिन पाण्यात पटकन विरघळतं, म्हणून त्याचे अॅल्युमिनियम किंवा तांब्यासोबत क्षार करून पाहिले. हिरडा, बेहडा, ऐन यांच्या जिवावर आपल्याकडे टॅनिनची कमी नाही. पण तांब्याचा क्षार केला, तर डब्यावर पान छापलं तरी आत तांबं आहेच.

गंमत म्हणजे झाड जहाजावर केव्हाच पोचलंय, फक्त वेगळ्या कामानं. काजूच्या टरफलाचं काळं तेल केरळात होड्यांना लावतात. त्यातल्या कार्डानॉलपासून बनवलेले फेनाल्कामाइन हे पदार्थ जहाजांच्या एपॉक्सी प्रायमरला, म्हणजे पोलादावरच्या पहिल्या थराला, कडक करायला जगभर वापरतात. ओलसर, थंड हवेतही ते काम देतात. हा थर गंज अडवतो. बार्नेकल अडवणारा रंग त्याच्यावर चढतो. म्हणजे इथेही डोंग्याच्या तेलासारखंच: सांभाळायचं ते खालचं अंग. काजूचा जंगली भाऊ बिब्बा आपल्या रानात आहे, पण त्याचं तेल अंगावर उडालं तर फोड येतात, तेव्हा घरच्या घरी प्रयोग नकोत.

बचत गटानं करंजीचं तेल काढावं, जरूर काढावं. डोंगा, बंडी, दारं-खिडक्यांना ते उपयोगी आहे, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी पुन्हा लावावं लागतं म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. कुणी ‘हर्बल जहाज रंग’ बनवायचं यंत्र विकायला आला, तर त्याला विचारा: रंग लावलेली चाचणीची पट्टी खाऱ्या पाण्यात किती महिने बुडवून ठेवली होती, कुठल्या बंदरात, आणि डब्यात तांबं किती?