वाढत्या अंगाचं : आमच्याकडे कपडा शिवायला टाकण्यापूर्वी

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना घरोघरी एकच सूचना असायची, "मास्तर, जरा वाढत्या अंगाचा शिवा." जूनमध्ये खांद्यावरून उतरणारा तो फ्रॉक दिवाळीनंतर कुठे अंगाला यायचा. घेराला आत चार बोटं दुमड असायची, ती पुढच्या जूनमध्ये उलगडायची. उलगडली की तिथे गडद निळी रेघ दिसायची, कारण बाकीचा फ्रॉक वर्षभराच्या उन्हापाण्यानं विटलेला. वर्गात बहुतेकींच्या फ्रॉकला ती रेघ असे, त्यामुळे कुणाला तिची लाज नव्हती.

मोठेपणी ही सूचना कुणी देत नाही. उलट "अगदी फिटिंगचं हवं" असं सांगतात. अंग मात्र मोठेपणीही एका जागी राहत नाही. बाळंतपण होतं, थायरॉईडच्या गोळ्या सुरू होतात, बसून करायची नोकरी लागते, कधी आजारपणात दहा किलो उतरतात. कपडा धड असतो, फक्त होत नाही, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. आमचं पुण्यातलं हे छोटं दुकान, म्हणजे कपडे बेतणारी मी, कापणारे मास्तर आणि शिवणाऱ्या दोन ताई, कपडा त्या फळीवर जाऊ नये या खटपटीत असतं. ते कसं, आणि तुम्ही काय केलंत तर आमचं काम सोपं होतं, हे सांगायला हा कागद.

माप देताना

सकाळी उपाशीपोटी येऊ नका. दुपारी जेवून या. कपडा दिवसभर घालायचा आहे, तर माप दिवसातल्या खऱ्या पोटाचं हवं. टेप कंबरेला लागला की नव्वद टक्के माणसं श्वास आत घेतात. मास्तर त्यावर काही बोलत नाहीत, नुसते "काल पाऊस फार झाला नाही का?" असं काहीतरी विचारतात. उत्तर द्यायला श्वास सोडावा लागतो, तेवढ्यात ते आकडा वाचतात.

आत जे घालणार आहात तेच घालून या. आणि घरातला सर्वांत लाडका कुर्ता किंवा ब्लाऊज बरोबर आणा, विटलेला, कोपरावर फाटलेला असला तरी चालेल. टेप अंगाचा घेर सांगतो. तुम्हाला किती सैल बरं वाटतं हे तो सांगत नाही, ते त्या जुन्या कुर्त्याकडून कळतं. सुती कुर्त्याला छातीपाशी आम्ही अंगाच्या मापापेक्षा ३-४ इंच जास्त धरतो. कुणाला त्यात गुदमरल्यासारखं होतं, कुणाला पोत्यात शिरल्यासारखं. दोघीही बरोबर असतात.

पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी, किंवा कापड महागाचं असेल तर, आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, कच्चा कपडा टाचून अंगावर घालून बघतो. त्यावर खडूनं रेघा मारतो, टाचण्या लावतो, मुंढा (बाही जोडायची गोलाई) खोल करतो, खांदा पाव इंच आत घेतो. बहुतेकांचे दोन खांदे सारखे नसतात. एकाच खांद्यावर पर्स किंवा लॅपटॉपची बॅग अडकवणाऱ्यांचे तर नाहीतच. या कच्च्या कपड्याचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही, पण त्यासाठी तुमची एक फेरी जास्त होते. ती टाळू नका.

माया

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंप्यांच्या बोलीत ‘माया’ म्हणतात. हा शब्द कुणाला सुचला असेल कोण जाणे, पण याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

तुमच्या एखाद्या तयार कुर्त्याची बाजू उलटून बघा. शिवणीच्या पलीकडे जेमतेम अर्धा इंच कापड असेल, त्यावर इंटरलॉक मारलेलं. हजारो नग कापताना प्रत्येकी थोडं कापड वाचलं की त्याचे तागे होतात, तेव्हा तयार कपडेवाल्यांचं गणित त्यांच्या जागी ठीक आहे. आम्ही बाजूच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या पाखाला दीड-दीड इंच माया सोडतो. त्यातला अर्धा इंच शिवण टिकायला लागतोच. राहिला एकेक इंच. दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन पाखं, म्हणजे घेर ४ इंचांपर्यंत वाढवता येतो. बाहीच्या शिवणीतही तेवढंच सोडतो, नाहीतर अंग सैल झालं तरी दंड आवळलेलाच राहतो. खाली दुमड तीन बोटं.

दोन गोष्टी आधीच सांगते. मुंढ्याच्या गोलाईत माया ठेवता येत नाही, तिथे जास्तीचं कापड काखेत गोळा होतं. त्यामुळे खांदे रुंदावले तर आमचाही इलाज मर्यादित आहे. आणि शिवण उसवून सैल केली की जुन्या टाक्यांची खूण राहते. सुती कापडावर सुईची भोकं धुण्या-इस्त्रीत मिटतात, घट्ट विणीच्या रेशमावर मिटत नाहीत. विटलेल्या कापडावर ती गडद रेघही दिसेल, फ्रॉकवर दिसायची तशीच.

कपड्यात वाढायला जागा ठेवायची ही युक्ती आमची नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीला पांढऱ्या बाराबंदीतली माणसं बघा. छातीवर एकावर एक येणारे दोन पदर आणि बांधायला बंद. बटण नाही, काजं नाही. अंग सुटलं तर बंद थोडे अलीकडे बांधायचे. आमच्या दुकानातला जो गुंडाळून बांधायचा कुर्ता तुम्ही ‘मॉडर्न’ म्हणून नेता, त्याचं कूळ हेच आहे.

कापड

आणलेलं कापड आम्ही लगेच कापत नाही. सुती असेल तर रात्रभर साध्या पाण्यात भिजतं, न पिळता सावलीत वाळतं, उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री होते, मग टेबलावर येतं. याला दोन दिवस जातात आणि पावसाळ्यात चार. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ४२ इंची कुर्ता पाच टक्क्यांनी आटला तर दोन इंच वर जातो.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. दुकान सुरू केलं त्या वर्षी एका बाईंचा खादीचा कुर्ता घाईत, न भिजवता शिवून दिला. महिन्याभरानं त्या आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसते दोन्ही हात पुढे केले. बाह्या मनगटाच्या वर इंचभर सरकल्या होत्या. कापडाचा तुकडा शिल्लक नव्हता, मग वेगळ्या रंगाच्या पट्ट्या जोडल्या. आता लोक तसल्या पट्ट्या मुद्दाम लावून मागतात, पण त्या दिवशी ती फॅशन नव्हती, चूक होती.

खणाबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण सध्या दर तिसरी व्यक्ती खणाचा कुर्ता मागते. खण मुळात चोळीचं कापड. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला विणलं जातं, आणि ओटीत नारळाबरोबर जातं ते महाराष्ट्रात. चोळीपुरतंच विणायचं म्हणून हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी, पाऊण मीटरच्या जरा पुढे. एरवीचं कुर्त्याचं कापड ४४ इंच पन्ह्याचं असतं. तेव्हा खणाच्या कुर्त्याला जोड येणारच, कळ्या (बाजूचे तिरके तुकडे) पडणारच. आम्ही तो जोड लपवत नाही, काठ उभा घेऊन तिथेच मिरवतो. "जोड न देता शिवा" म्हणालात तर त्याला लागणारं रुंद कापड यंत्रमागावरचं असतं, आणि त्यात बरंचसं पॉलिस्टर. तेही शिवून देऊ. पण पिशवीवर आणि बिलावर काय आहे ते तसंच लिहू.

ओळखायचं कसं? कापडाच्या कडेचे दोन धागे काढा, एक उभा, एक आडवा, कारण दोन्ही एकाच जातीचे असतील असं नाही. चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, आणि मऊ करडी राख राहते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, राख बोटानं चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. एका व्यापाऱ्यानं ‘शंभर टक्के रेशीम’ म्हणून दिलेल्या ताग्याचे दोन्ही धागे माझ्यासमोर मणी झाले. तागा परत घेतला नाही त्यानं. त्याचे आम्ही आरशांचे गिलाफ केले.

आजीची साडी

हे काम आम्हाला आवडतं आणि निम्म्या वेळा आम्ही नाही म्हणतो. नेसता येण्यासारखी साडी आम्ही कापत नाही, पैठणी असो वा साधी नारायणपेठ. फॉल-पिको करून देतो, विरलेल्या जागी मागून मलमल लावून रफू करतो, आणि नेसा म्हणतो.

खरंच नेसण्यापलीकडे गेली असेल तर टेबलावर पसरून बघतो. साडी सहसा घडीवर फाटते, वर्षानुवर्षं एकाच रेघेवर दुमडून राहिल्यामुळे. दोन्ही अंगठे जवळ धरून कापड हलकेच ताणायचं. रेशीम थकलं असेल तर बारीक ‘चर्र’ असा आवाज येतो आणि धागे सरकतात. अशा साडीचा कुर्ता होत नाही. पहिल्यांदा रिक्षात बसताना पाठीत उसवेल. उशीचा अभ्रा किंवा भिंतीवरची चौकट होते. इरकलीच्या पदराचे ताणे, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्यांना फासे घालून जोडलेले असतात, आणि बऱ्याचदा पदर रेशमी, अंग सुती. त्या सांध्यावर आम्ही कात्री चालवत नाही. पदराची ओढणी, अंगाचा कुर्ता, असं वेगळं करतो.

एक विनंती, साडी आणताना ती कुणाची, याबद्दल घरात एकमत करून आणा. बहिणी-बहिणींचा वाद आमच्या टेबलावर यापूर्वी दोनदा झाला आहे.

किती दिवस?

साध्या कुर्त्याला तीन आठवडे, अस्तर आणि हातकामाच्या कपड्याला पाच. प्रत्यक्ष शिवण दीड-दोन दिवसांचीच असते. बाकीचे दिवस कापड भिजणं, कच्चा कपडा, तुमची फेरी आणि तुमच्या आधी आलेल्यांची कामं यात जातात. दसऱ्याच्या आधी महिनाभर नवीन काम घेत नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नाची गर्दी सुरू होते, तेव्हा "परवा हळद आहे" म्हणून आलात तर चहा मिळेल, कपडा नाही. निम्मे पैसे आधी, निम्मे नेताना.

दुकान बुधवारी सकाळी बंद असतं. मी जुन्या बाजारात बटणं शोधत असते. शिंपल्याची, पितळेची, कुणाच्या तरी कोटावरून उतरलेली. सहाचा संच मिळाला तर तो दिवस सोन्याचा. बहुतेकदा पाचच मिळतात. तुमच्या कुर्त्याचं सगळ्यात खालचं बटण बाकीच्यांहून किंचित वेगळं दिसलं, तर ते यामुळे.

धुणं

गर्द निळा, नैसर्गिक नीळ वापरलेला कपडा सुरुवातीला रंग सोडतो, आणि मानेला, पर्सला लागतोही. पहिली चार-पाच धुणी वेगळी करा. मीठ घातल्यानं रंग पक्का होतो असं सांगतात, तसं काही होत नाही. उलटा करून सावलीत वाळवा, बस. रेशमाला रिठ्याचं पाणी उत्तम. जरीवर अत्तर मारू नका, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, काळी पडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडण्यापेक्षा जुन्या सुती धोतरात गुंडाळा, आणि गणपतीनंतर ऊन पडलं की घडी उलटी घालून ठेवा.

कपडा न्यायला याल तेव्हा सुलट बघण्याआधी उलटा करून बघा. डाव्या बाजूच्या शिवणीत बोटभर मांजरपाटाची चिठ्ठी शिवलेली असेल. त्यावर न जाणाऱ्या शाईनं साल आणि आत किती माया आहे तो आकडा लिहिलेला असतो. सैल करून न्याल तेव्हा मास्तर जुना आकडा खोडून उरलेला लिहितात. ती चिठ्ठी टोचते म्हणून कापू नका. टोचत असेल तर आणा, जागा बदलून देऊ. सैल किंवा घट्ट करण्याचे पैसे पहिल्या दोन वेळा नाहीत. येताना कपडा फक्त धुऊन आणा, आणि शुक्रवारी नको, शुक्रवारी मास्तर नसतात.