ल्युमिनन्स प्रक्रिया (दीर्घिकांचे छायाचित्रण)

दीर्घिकांचे छायाचित्र घेताना प्रकाशाची तीव्रता रंगापासून वेगळी नोंदवून तिच्यावर स्वतंत्रपणे केलेले संस्करण. मोनो (रंग न ओळखणाऱ्या, फक्त उजेड मोजणाऱ्या) कॅमेऱ्यापुढे फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारे चाक) बसवून तांबडा, हिरवा, निळा आणि ल्युमिनन्स (एल) अशा चार फिल्टरांतून फ्रेम (एकेक छायाचित्र) घेतल्या जातात. एल फिल्टर साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा सगळा दृश्य पट्टा आत सोडतो; रंगाच्या प्रत्येक फिल्टरच्या वाट्याला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. डोळा बारकावे टिपतो ते उजेड-अंधाराच्या फरकावरून, रंगाच्या बाबतीत तो बराच सैल असतो. जेपेग फाइलमध्येही रंग कमी बारकाईने साठवला जातो तो याच आधारावर. म्हणून सर्पिल भुजांतले धुळीचे पट्टे, भुजांच्या टोकाचा फिकट विस्तार, गाभ्याची रचना हे सारे एलवर ठरते. रंगाच्या फ्रेम थोड्या धूसर असल्या तरी चित्र बिघडत नाही. एल धूसर असेल तर पुढे कशानेही सावरत नाही.

इंदूरचे अक्षांश सुमारे २२.७ उत्तर. देवयानी दीर्घिका (एम ३१) येथे मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ७१ अंशांपर्यंत चढते, श्यामशबलातली एम ५१ सुमारे ६५ अंशांपर्यंत आणि सप्तर्षीतली एम ८१ जवळपास ४४ अंशांपर्यंत. दक्षिणेकडची नरतुरंगातली एनजीसी ५१२८ देखील २४ अंश वर येते, आणि युरोपातल्या बहुतेक हौशींना ती दिसतच नाही. दीर्घिका जितकी उंच तितकी मधली हवा कमी आणि तारे टोकदार. म्हणून ती मध्यमंडलाच्या आसपास असते तेव्हाचे तास एलसाठी राखून ठेवावेत आणि चढती-उतरती वेळ रंगाला द्यावी.

एल फिल्टर दीर्घिकेचा प्रकाश जसा सगळा घेतो तसा शहराचाही सगळा घेतो. आकाश अडीच प्रतींनी (प्रत म्हणजे खगोलातले तेजस्वितेचे माप) उजळले की पार्श्वभूमी दसपट होते, आणि फिकट भुजांसाठी तोच दर्जा हवा असेल तर वेळही जवळजवळ दसपट द्यावा लागतो. त्यामुळे इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामा नगरात गच्चीवर दुर्बीण मांडणाऱ्याने तिथे रंग गोळा करावा आणि एल महूच्या पलीकडे, जानापाव टेकडीसारख्या उंचीवर जाऊन घ्यावे, ही वाटणी सर्वांत फायद्याची. बाहेर जाणे जमतच नसेल तर तिन्ही रंगांच्या फ्रेम एकत्र करून कृत्रिम एल बनवता येते. माळव्यात आणखी एक अडचण आहे. सिंह आणि कन्या राशींतल्या दीर्घिका रात्री डोक्यावर येतात त्या मार्च ते मे या काळात, आणि गव्हाची कापणी होऊन शेतांत नरवाई (उरलेले खुंट) जाळली जाते तीही नेमकी याच दिवसांत. धुराच्या रात्री घेतलेल्या एलच्या फ्रेम बाजूला काढलेल्याच बऱ्या. त्या स्टॅकमध्ये (फ्रेम एकावर एक रचून केलेल्या एकत्रित चित्रात) घातल्या तर चांगल्या फ्रेमनी कमावलेला फरकही पुसट होतो.

कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे दोष वजा करणे) इतर खगोल छायाचित्रणासारखेच. उन्हाळ्यातही थंड केलेला कॅमेरा गाठू शकेल असे तापमान डार्क फ्रेमसाठी (झाकण लावून घेतलेल्या फ्रेमसाठी) ठरवून तेच वर्षभर ठेवावे. फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेम) मात्र प्रत्येक फिल्टरचे वेगळे हवेत, कारण धुळीचे कण प्रत्येक काचेवर वेगळ्या जागी बसतात. स्टॅकिंगमध्ये सिग्मा क्लिपिंगने (सरासरीपासून फार वेगळी मूल्ये वगळून) उपग्रहांच्या रेघा निघून जातात, आणि सिग्नलच्या तुलनेत नॉइज (यादृच्छिक दाणेदारपणा) फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: १०० फ्रेमना दसपट, ४०० ना वीसपट.

खरी कसोटी ग्रेडियंट (आकाशाचा एका बाजूला वाढत जाणारा उजेड) काढताना लागते. जानापावहून इंदूरचा उजेड ईशान्येला आणि पीथमपूरचा उत्तरेला दिसतो. म्हणजे उगवती एम ५१ आणि उत्तरेत मध्यमंडल ओलांडणारी एम ८१ या दोन्हींच्या फ्रेम एका बाजूने उजळलेल्या निघतात. सिरिल, ग्राएक्सपर्ट (दोन्ही मोफत) किंवा पिक्सइनसाइट या प्रोग्राममध्ये रिकाम्या आकाशावर नमुना-बिंदू ठेवून पार्श्वभूमीचे प्रारूप तयार करतात आणि ते वजा करतात. एखादा बिंदू दीर्घिकेच्या फिकट प्रभामंडलावर (बाहेरच्या वलयावर) पडला तर प्रोग्राम त्यालाच आकाश समजतो आणि दीर्घिकेभोवती काळपट कडे उमटते. एम ८१ च्या भोवती तर आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचे अतिशय फिकट ढग पसरलेले आहेत. जास्त बिंदू टाकून पार्श्वभूमी गुळगुळीत केली की तेही जातात. बिंदू थोडेच असावेत, हाताने ठेवावेत, आणि वजा केलेले प्रारूप उघडून पाहावे. त्यात दीर्घिकेचा आकार दिसत असेल तर काम पुन्हा करावे.

यानंतर डीकन्व्होल्युशन. वातावरणाने आणि प्रकाशिकीने बिंदूसारखा तारा किती पसरवला हे त्याच चित्रातल्या न जळलेल्या (अति उजळून पांढरे न पडलेल्या) ताऱ्यांवरून मोजतात आणि तेवढा पसरट परिणाम उलटा काढतात. प्रचलित रीत रिचर्डसन (१९७२) आणि लूसी (१९७४) यांची. ही पायरी स्ट्रेच (फिकट भाग दिसावेत म्हणून उजळता ताणणे) करण्याआधीच, डेटा रेषीय (आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात) असतानाच करायची. स्ट्रेचनंतर ठळक आणि फिकट ताऱ्यांचा पसरटपणा एकसारखा उरत नाही आणि गणित चुकते. या गणिताची आवर्तने वाढवत गेले की आधी पार्श्वभूमीचा नॉइज दाणेदार होतो, मग ताऱ्यांभोवती काळी वर्तुळे येतात. म्हणून मास्क (चित्राचा ठरावीक भाग झाकणारा पडदा) लावून फक्त गाभा आणि उजळ भुजा यांवरच ती चालवावी. नॉइज कमी करताना उलटा मास्क: आकाश झाकू नये, भुजा झाकाव्यात. धुळीच्या पट्ट्यांना मेणासारखी गुळगुळीत झिलई आलेली चित्रे पुष्कळ दिसतात. ती पहिल्या नजरेत भुरळ घालतात, पण तिथे जो तपशील कॅमेऱ्याने कधी नोंदवलाच नाही तो खरा मानून बसणे हा त्या दीर्घिकेवर अन्याय आहे.

स्ट्रेचमध्ये एम ३१ चा गाभा फार लवकर पांढरा होतो. आर्क हायपरबोलिक साइन (arcsinh) वक्र वापरून तो आवरता येतो, किंवा लहान एक्स्पोजरच्या वेगळ्या फ्रेम गाभ्यापुरत्या मिसळाव्या लागतात. आकाश पूर्ण काळे करू नये. काळ्याच्या जरा वरच ठेवले तर बाहेरचा विस्तार टिकतो.

शेवटी एल रंगीत चित्रात मिसळतात, ते लॅब (उजळता आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या) रंगपद्धतीतल्या एल वाहिनीच्या जागी. मिसळण्याआधी दोन्हींची उजळता जुळवून घ्यावी लागते. एल फार उजळ असेल तर रंग धुतल्यासारखे फिके पडतात, भुजांतल्या तरुण ताऱ्यांचा निळा आणि हायड्रोजन मेघांचा गुलाबी रंग हरवतो. तरीही रंग कमी वाटले तर संपृक्तता (रंगाचा गडदपणा) रंगीत चित्रात वाढवून पुन्हा मिसळावे, एलला हात लावू नये.