वे नदीवर एक दिवस : बोटीत बसण्याआधी वाचा

नमस्कार. आमची बोट दिवसभरासाठी घेऊन स्वतः चालवणाऱ्यांसाठी ही माहिती. फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘दिवसभरात कुठवर जाऊन येतो?’ उत्तर आधीच देऊन टाकतो : इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या गॉडल्मिंगहून गिल्डफर्ड. जायला चारेक मैल, यायला तेवढेच. रेल्वेने हे काही मिनिटांचं काम आहे. आपल्या बोटीला एका बाजूला दोन ते अडीच तास लागतात. भारतातून आलेल्या आईबाबांना त्याच दिवशी विंडसरही दाखवायचं असेल, तर कृपया तारीख बदलून घ्या. आम्ही मुळीच रागावणार नाही.

बोट नॅरोबोट आहे, म्हणजे जेमतेम सात फूट रुंद आणि लांबच लांब. इंग्लंडच्या मध्य भागातल्या कालव्यांवरची लॉक्स, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, तेवढीच अरुंद, म्हणून बोटीही तशाच बांधल्या गेल्या. वे नदीची लॉक्स मात्र रुंद आहेत, दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. टेम्सपासून गिल्डफर्डपर्यंतचा जलमार्ग १६५३ साली सुरू झाला, तो पुढे गॉडल्मिंगपर्यंत आला १७६४ साली. चिलवर्थच्या कारखान्यांतली बंदुकीची दारूसुद्धा याच पाण्यावरून लंडनला जायची. आता सगळी देखभाल नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

सुकाणू म्हणजे मागच्या बाजूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचाच गोंधळ होतो, गाडी चालवणाऱ्यांचा जरा जास्त. बोट मध्यावर फिरते, त्यामुळे पुढचं टोक वळताना मागचं टोक विरुद्ध बाजूला जातं हे विसरू नका. इंजिनचा जोर काढून घेतला तर सुकाणू जवळजवळ निकामी होतं. समोरून बोट आली की आपण उजवीकडे राहायचं. वेगमर्यादा ताशी ४ मैल, पण काट्यापेक्षा काठाकडे बघा : आपल्या लाटा काठावर फुटत असतील तर आपण जोरात आहोत. गळ टाकून बसलेल्यांजवळून आणखी हळू जा.

वाटेत दोन लॉक्स लागतात, अनस्टेड आणि सेंट कॅथरिन्स. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातली झडप उघडायची. पाणी उतरतं, त्याबरोबर बोटही उतरते. पंप नाही, वीज नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या काढताना पाहिलं असेल त्यांना हे चटकन कळेल. झडपेसाठी लोखंडी हँडल देतो. ते सोडून बाजूला जाऊ नका.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून वाचू नका. खाली उतरताना वरच्या दाराजवळ पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं तर पुढचं टोक खाली जातं आणि बोट बुडू शकते. भिंतीवर खूण केलेली आहे, तिच्या पुढेच राहा. इंजिन बंद, पुढचा-मागचा दोर एकेकाच्या हातात. खुंटीला एक वेढा चालेल, गाठ नको. दोर सैल सोडत राहा. बोट भिंतीवर आपटणार असं वाटलं तरी हातपाय मध्ये घालू नका. बोटीला रंग पुन्हा लावता येतो.

ब्रॉडफर्डचा पूल फार ठेंगणा आहे. छत्री, टोप्या आणि उत्साही काका, सगळ्यांनी खाली वाकायचं. त्याच्याजवळच उजवीकडे एक फाटा दिसतो. तो वे-अरुण कालव्याचा : १८१६ साली लंडनचं पाणी दक्षिण किनाऱ्याशी जोडण्यासाठी काढलेला, १८७१ साली बंद पडलेला. पुढे टेकडीवर सेंट कॅथरिनच्या चॅपलचे अवशेष आणि खाली पिवळी वाळू. आमच्या मते चहा इथेच टाकावा.

बोटीत गॅसची शेगडी आहे. पोहे, उपमा, चहा खुशाल करा. तळण नको, छप्पर बुटकं आहे, वास आठवडाभर जात नाही. साडी नेसलेल्यांनी बोटीच्या कडेवरून चालू नये, आतूनच ये-जा करावी. लहान मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं.

गिल्डफर्डला मिलमीड लॉकच्या अलीकडे बोट बांधा. हाय स्ट्रीटवरचं सोनेरी घड्याळ १६८३ सालचं आहे. तीनला परत निघा. गॉडल्मिंगला वेळ उरला तर गावात डोकवा : १८८१ साली याच नदीच्या पाण्यावर वीज तयार करून इथले रस्ते उजळले होते, जगातला पहिला सार्वजनिक वीजपुरवठा म्हणून तो ओळखला जातो.

जोराच्या पावसाने नदी चढली तर लॉक्स बंद होतात. तेव्हा दुसरी तारीख देतो किंवा पैसे परत करतो.

साडेपाचपर्यंत किल्ली आणि हँडल परत द्या. हँडल पाण्यात पडलं असेल तर जागा लक्षात ठेवून सांगा. आमच्याकडे दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक आहे.